प्रयोगशाळेतील उंदीर, प्रशिक्षण आणि भाषा : एक चिकित्सा

प्रास्ताविक
मांद्रे हे पेडणे तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. प्रयोगशाळेतील उंदरांशी त्याचा काही संबंध असेल, असे सहसा कोणाला वाटत नाही. परंतु २०१५ साली सत्तरीतील पाली येथे आणि २०१६ साली डिचोलीला लागून असलेल्या दोडामार्ग तालुक्यात माकडतापाचे रुग्ण आढळले. रानात व काजूच्या बागांत राबणाऱ्यांना गाठणारा हा आजार आहे. त्याचा विषाणू १९५७ साली पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, उंदरांच्या नवजात पिलांना नमुने टोचून वेगळा केला. पिंजऱ्यातील उंदराचे ऋण या पट्ट्यातील बागायतदारावरही आहे. म्हणूनच हे उंदीर हाताळणाऱ्यांना कोणते प्रशिक्षण मिळते, हे तपासणे अगत्याचे ठरते.

मार्गदर्शक तत्त्वे : बलस्थाने व मर्यादा
प्राण्यांचा छळ रोखणाऱ्या १९६० च्या कायद्यातील कलम १५ अन्वये प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्रीय समिती नेमली जाते. प्राणिगृहांविषयीची तिची मार्गदर्शक तत्त्वे २००३ साली प्रसिद्ध झाली. ती सूक्ष्म आहेत. खोलीचे तापमान १८ ते २९ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ३० ते ७० टक्के असावी, असे त्यांत सांगितले आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात हे पाळणे किती कठीण आहे, ते येथील रहिवाशाला सांगायला नको. नव्या कर्मचाऱ्यास प्राणी हाताळणे, पिंजऱ्यांची स्वच्छता, निर्जंतुकीकरण व आजारी प्राणी ओळखणे हे काही आठवडे शिकवावे, असेही तत्त्वे सांगतात. कर्मचाऱ्याची अशी दखल घेणे ही त्यांची जमेची बाजू होय. मात्र आर्द्रता टक्क्यांत मोजणाऱ्या या दस्तऐवजात शिकवण्याची भाषा कोणती असावी, हा प्रश्न उपस्थितच होत नाही.

हाताळणाऱ्याचा हात
हा प्रश्न गौण नाही. लिव्हरपूल विद्यापीठातील जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी २०१० साली दाखवून दिले की, शेपटीला धरून उचललेले उंदीर अधिक भेदरतात. नळीतून किंवा ओंजळीत उचललेले तुलनेने शांत राहतात. भेदरलेल्या उंदरावर घेतलेल्या चाचणीचे निष्कर्षही बदलू शकतात. अर्थात, पिंजरा धुणाऱ्याचा हात संशोधनाच्या निष्कर्षापर्यंत पोहोचतो.

परिषदा व अभ्यासवर्ग मात्र प्रामुख्याने संशोधकांचे असतात. अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत १९६० पासून चालणारा आनुवंशिकीचा अभ्यासवर्ग वैद्यक आणि उंदरांवरील संशोधन यांना जवळ आणतो, हे त्याचे मोठे कार्य. त्याच देशात १९५० साली स्थापन झालेली प्रयोगशाळा-प्राणी विज्ञानाची संघटना प्राणी सांभाळणाऱ्यांना तीन पायऱ्यांची प्रमाणपत्रे देते. तेथे या कामाला बढतीची वाट आहे. आपल्याकडील परिषदांचा व्यवहार इंग्रजीत चालतो आणि त्यात या कामगाराचा आवाज क्वचितच ऐकू येतो.

पाहून पाहून माणूस शिकतोच, असा एक युक्तिवाद केला जातो. तो अर्धसत्य आहे. पाहून कृती येते. कारण कळत नाही. कारण न कळलेला माणूस घाईच्या वेळी पुन्हा शेपटीच धरतो.

परिभाषेचा प्रश्न
भाषांतर शब्दशः केले तर हेतू साधत नाही. प्राण्याच्या यातना ज्या टप्प्यावर थांबवायच्या, त्यासाठी ‘मानवीय अंत्यबिंदू’ अशी संज्ञा घडवता येईल. पण ती कामगाराला काहीच सांगणार नाही. ‘उंदराला याहून अधिक त्रास होऊ द्यायचा नाही, अशी वेळ’ हे लांबलचक असले तरी कळते. पाठीला पोक, विस्कटलेले केस, मिटलेले डोळे, खाण्याकडे पाठ ही लक्षणे साध्या मराठीत, उर्दूत वा पेडण्याच्या बोलीत सहज सांगता येतात. तेथे उंदराला ‘हुंदीर’ म्हणतात म्हणून विज्ञानाचे काही बिघडत नाही.

निष्कर्ष
सामुदायिक महाविद्यालयांतील शिक्षकांना येथे प्रत्यक्ष काम आहे. विज्ञान व भाषा या विभागांनी एकत्र बसून प्राणिगृहातील कामाची छोटी पुस्तिका मराठीत व उर्दूत तयार करावी, ती जाणकार पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावी आणि प्रमाणपत्र अभ्यासक्रमात लावावी. मातृभाषेतून शिकून आलेल्या मुलामुलींना त्यातून कामाची एक वाट मिळेल. मुक्या जिवाला होणारा त्रास ओळखून तो वेळेवर वरिष्ठांना सांगता येणे, ही या प्रशिक्षणाची खरी परीक्षा आहे. आणि ती इंग्रजीच्या परीक्षेत अडकून पडता कामा नये.