मोफत आणि मुक्त : शालेय संगणकवर्गातील परवान्यांची चिकित्सा

शालेय संगणकशिक्षणाच्या चर्चेत ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ ही विशेषणे समानार्थी मानली जातात. परवान्यांची संहिता वाचली असता हा समज टिकत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये आणलेले ‘व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी’ वर्गातील अध्ययनासाठी कितीही जणांना विनामूल्य वापरता येते. मात्र २५० हून अधिक संगणक असलेल्या संस्थेला वर्गाध्ययन, संशोधन आणि मुक्तस्रोत विकसन यांपलीकडील कामासाठी ही मुभा नाही. येथे सवलत हेतूशी बांधलेली आहे. ती दात्याची कृपा आहे, वापरकर्त्याचा हक्क नव्हे.

याउलट, रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये सिद्ध केलेला ‘जीपीएल’ परवाना वापराच्या हेतूवर कोणतेच बंधन घालत नाही. जावा शिकविण्यासाठीच निर्माण झालेले ‘ब्लूजे’ २००९ पासून याच परवान्याखाली उपलब्ध आहे. विद्यार्थी त्याची प्रत घरी नेऊ शकतो, अंतर्रचना तपासू शकतो. मराठी माध्यमाचा शिक्षक त्यातील सूचनांचे भाषांतर करून ते वितरितही करू शकतो. वितरण करताना मूळ स्रोत आणि तेच स्वातंत्र्य पुढे द्यावे, एवढीच प्रमुख अट आहे.

मुक्त परवान्याने अध्यापन आपोआप सुधारत नाही, हा आक्षेप रास्त आहे. तथापि, ज्या साधनाच्या आत डोकावण्यास मनाई आहे, ते जिज्ञासेला मर्यादा घालते. म्हणून अभ्यासक्रम ठरविताना किमतीपूर्वी परवाना वाचला जाणे अगत्याचे आहे.