हनोईचें मेट्रोपोल : दिवाणखाना आणि तळघर

मोठ्या शहरांतील जुन्या हॉटेलांचे इतिहास आजकाल पुष्कळ प्रसिद्ध होतात. त्यांची घडण ठराविक असते. इमारत कोणी बांधली, कोणत्या सालीं कोणता राजा, नट किंवा ग्रंथकार तेथें उतरला, याची यादी पुरी झाली कीं इतिहास पुरा झाला, असें त्यांचे लेखक मानतात. अशा लिखाणास इतिहास म्हणावें कीं जाहिरात, हा प्रश्न कोणाही विचारी वाचकाच्या मनांत येतो. व्हिएतनाममधील हनोई शहराच्या मेट्रोपोल हॉटेलाची हकीकत, आणि त्याच्या तळघराशीं जिचा जन्म निगडित आहे अशी एक ध्वनिमुद्रिका, यांचा एकत्र विचार केला असतां या प्रश्नाचें उत्तर सांपडतें, असें आम्हांस वाटतें.

मेट्रोपोल १९०१ सालीं दोन फ्रेंच उद्योजकांनीं उघडलें. आपल्या मुंबईचें ताजमहाल हॉटेल त्यानंतर दोन वर्षांनीं, म्हणजे १९०३ सालीं सुरू झालें. यावरून वाचकांस काळाची कल्पना येईल. हनोई तेव्हां फ्रेंचांच्या अंमलाखालीं होतें, आणि पांढऱ्या भिंतींचें व हिरव्या झडपांचें हें हॉटेल त्या अंमलाच्या वैभवाचा एक देखावाच होतें. १९५४ सालीं फ्रेंच गेले. हॉटेल सरकारच्या ताब्यांत आलें व त्याचें नांव ‘थोंग न्हात’, म्हणजे ‘एकीकरण’, असें ठेवण्यांत आलें. परदेशी वकील, वार्ताहर व पाहुणे यांचा मुक्काम तेथें पडूं लागला. १९९० नंतरच्या दुरुस्तींत जुनें नांव परत आलें. आणि १९१९ च्या नव्हे, तर अगदीं अलीकडच्या, २०१९ सालच्या फेब्रुवारींत अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प व उत्तर कोरियाचे किम यांची भेट याच वास्तूंत झाली.

आतां त्या प्रसिद्ध यादीकडे वळूं. सॉमरसेट मॉम, चार्ली चॅप्लिन व ग्रॅहॅम ग्रीन यांचीं नांवें येथील खास दालनांस दिलेलीं आहेत. चॅप्लिन १९३६ सालीं पॉलेट गोदार्द हिच्यासह येथें आला होता. परंतु नांवांचा मान निराळा व वाङ्मयाचा संबंध निराळा. ग्रीनची ‘द क्वायट अमेरिकन’ ही १९५५ सालची कादंबरी मुख्यतः सायगॉनची आहे. हनोई तींत प्रसंगोपात्त येतें. मॉमचें ‘द जंटलमन इन द पार्लर’ हें १९३० सालचें पुस्तक रंगूनपासून हायफाँगपर्यंतच्या प्रवासाचें. त्यांतील हनोई हा वाटेवरचा एक मुक्काम. ग्रंथकार जेथें निजला तेथें त्याचा ग्रंथ जन्मला, असें कांहीं ठरत नाहीं. दिवाणखान्याचा इतिहास येथें तोकडा पडतो. म्हणून जिना उतरून खालीं जावें लागतें.

हॉटेलाचें तळघर म्हटलें कीं मद्याच्या बाटल्या डोळ्यांपुढें येतात. आम्ही म्हणतों तें तळघर निराळें. अमेरिकन विमानांचे हल्ले होऊं लागल्यावर १९६० नंतरच्या दशकांत पाहुण्यांच्या आसऱ्यासाठीं अंगणाखालीं तें बांधण्यांत आलें. शहरांतील सामान्य माणसासाठीं त्याच काळीं पदपथांत काँक्रीटच्या नळ्या पुरून एकेका माणसापुरते खड्डे केलेले होते. भोंगा झाला कीं आंत उतरावयाचें आणि डोक्यावर झांकण ओढून घ्यावयाचें. पाहुण्यास खोली आणि नागरिकास खड्डा, हा भेद लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

१९७२ सालच्या डिसेंबरांत अमेरिकन गायिका जोन बाएझ एका शांतता-शिष्टमंडळाबरोबर हनोईस आली. न्यूरेंबर्ग येथील खटल्यांत सरकारी पक्ष मांडणारे टेलफर्ड टेलर हेही त्या मंडळांत होते. युद्धकैद्यांस नाताळची पत्रें पोंचविणें हा त्यांचा एक हेतु होता. ते तेथें असतांनाच १८ डिसेंबरला बी-५२ विमानांचे हल्ले सुरू झाले. मध्यें नाताळचा दिवस वगळतां ते २९ तारखेपर्यंत चालले. २२ तारखेस बाख माय येथील रुग्णालय उद्ध्वस्त झालें. २६ तारखेस खाम थिएन हा दाट वस्तीचा रस्ता. उत्तर व्हिएतनामनें दिलेल्या आकड्यांप्रमाणें या हल्ल्यांत १६०० हून अधिक नागरिक मेले. बाएझ व तिचे सोबती भोंगा वाजला कीं हॉटेलाच्या तळघरांत उतरत. तिच्याजवळ ध्वनिमुद्रणाचें एक यंत्र होतें.

त्या फितींतून निवड करून १९७३ सालीं तिची ‘व्हेअर आर यू नाउ, माय सन?’ ही मुद्रिका निघाली. ‘बाळा, आतां तूं कोठें आहेस?’ हा मुलगा गमावलेल्या एका व्हिएतनामी मातेचा आक्रोश. त्यावरूनच हें नांव आलें. मुद्रिकेची एक संपूर्ण बाजू, सुमारें वीस मिनिटांहून अधिक, या एकाच कृतीनें व्यापली आहे. पियानोच्या साथीवर बाएझ आपली कविता म्हणते, आणि मधून मधून भोंगे, स्फोट व माणसांचीं बोलणीं ऐकूं येतात.

हिचें मूल्यमापन कसें करावें? आपल्या आलंकारिकांनीं लौकिक शोक आणि करुणरस यांत भेद केला आहे. प्रत्यक्ष मातेचें रडणें ऐकून होणारें दुःख हा रस नव्हे. तो शोक कवीच्या हृदयांत मुरून, व्यक्तिसंबंधांतून सुटून सर्वांचा झाला म्हणजे त्यास रसपदवी येते. क्रौंचवधाची कथा या सिद्धांताचें नेहमींचें उदाहरण होय. या कसोटीस लावतां पहिला निकाल प्रतिकूल लागतो. बाएझची कविता दुबळी आहे. यमकें हातघाईनें जुळविलेलीं वाटतात. श्रोत्यानें जें कानांनीं ऐकलें त्याचाच अर्थ ती पुन्हां समजावून देते. शोक मुरण्यास वेळच मिळालेला नाहीं.

परंतु येथेंच निकाल देऊन उठणें अन्यायाचें होईल. कवितेहून फितीची किंमत फार मोठी आहे, आणि ती केवळ पुरावा म्हणून नव्हे. तळघरांत बसलेल्या माणसास कांहीं दिसत नाहीं. बाँब कोठें पडला, कोण मेलें, हें त्यास केवळ आवाजावरून ताडावें लागतें. श्रोत्याचीही स्थिति नेमकी तीच होते. चित्रपटानें आपण विमानाच्या बाजूनें किंवा निदान रस्त्याच्या बाजूनें पाहतों. ही मुद्रिका आपणांस जमिनीखालीं नेऊन बसविते. साधन आणि स्थळ यांचा असा मेळ योगायोगानें जुळला असेल. परंतु त्या फितींतून काय ठेवावें व काय गाळावें हें ठरविणारी दृष्टि कलावंताचीच आहे. शब्दांनीं जें साधरणीकरण साधलें नाहीं तें येथें ध्वनीनें साधलें आहे.

कोणी म्हणेल, बाएझ तर काय, त्याच यादींतील आणखी एक पाहुणी! हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच त्या मुद्रिकेचें नांव महत्त्वाचें. मॉम व ग्रीन यांच्या नांवानें दालनें झालीं. येथें पाहुणीनें आपल्या कृतीस नांव दिलें तें खड्ड्याबाहेर उभ्या असलेल्या दुसऱ्या बाईच्या प्रश्नाचें. खोली आणि खड्डा यांमधील अंतर तिनें मिटविलें नाहीं, तें तिच्या हातचेंही नव्हतें; पण तें विसरूं दिलें नाहीं.

युद्धानंतर तळघर बंद झालें व वर बार झाला. २०११ सालीं त्या बारची दुरुस्ती चालू असतांना खालचें काँक्रीट लागलें; आंत पाणी भरलेलें होतें. साफसफाई करून पुढें तें पाहुण्यांस दाखविण्यांत येऊं लागलें, आणि २०१३ सालीं, चाळीस वर्षांनीं, बाएझ पुन्हां तेथें उतरली. तळघर बुजवून न टाकतां उघडें केलें याबद्दल चालकांचें अभिनंदन केलें पाहिजे. मात्र दुःखाचें स्थळ हें यजमानाच्या वैभवाचा आणखी एक दागिना होण्याचा धोका येथें आहे. ज्या पाहुण्यानें ती मुद्रिका ऐकलेली नाहीं, त्यास तें तळघर म्हणजे ओलसर भिंतींची एक अरुंद जागा वाटेल, आणि पांच मिनिटांत तो वर येईल. म्हणून आमची सूचना अशी, कीं मुद्रिका अगोदर ऐकावी, कवितेचे दोष पोटांत घालावे, आणि मग जुन्या हॉटेलांचे इतिहास वाचावयास घ्यावे. ज्या इतिहासांत त्या मातेच्या प्रश्नास जागा नसेल तो खुशाल जाहिरात समजावा.