गुणांक आणि निवड : अमेरिकेच्या एनआयएचमधील संशोधन-अनुदानाच्या निर्णयप्रक्रियेची चिकित्सा

अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ (एनआयएच) ही 27 संस्था व केंद्रांची मिळून बनलेली शासकीय यंत्रणा आहे. वैद्यकीय संशोधनाला सार्वजनिक निधी पुरविणाऱ्या संस्थांत ती जगात सर्वांत मोठी मानली जाते. तिच्या अनुदान-पद्धतीचे मोठेपण सांगताना एका गोष्टीचा हमखास उल्लेख होतो : तेथे निर्णय अधिकारी घेत नाहीत, विषयतज्ज्ञ घेतात. हे विधान अर्धेच खरे आहे आणि उरलेल्या अर्ध्या भागाची चर्चा अधिक उद्बोधक ठरते.

समीक्षा द्विस्तरीय असून तिला कायद्याचा आधार आहे. पहिल्या स्तरावर प्रामुख्याने शासनाबाहेरील शास्त्रज्ञांची समिती प्रस्ताव तपासते. सर्वसाधारणपणे तीन सदस्य प्रस्ताव बारकाईने वाचतात व 1 ते 9 या श्रेणीत गुण देतात. येथे 1 हा सर्वोत्तम गुण होय. प्राथमिक गुणांनुसार खालच्या सुमारे निम्म्या प्रस्तावांवर बैठकीत चर्चाच होत नाही. उरलेल्यांवर चर्चा होऊन सर्व पात्र सदस्य गुण देतात. त्यांच्या सरासरीला 10 ने गुणून अंतिम गुणांक काढला जातो. अनेक प्रकारच्या प्रस्तावांसाठी त्यावरून पर्सेंटाइलही ठरते. दुसऱ्या स्तरावर संबंधित संस्थेची सल्लागार परिषद शिफारस करते. प्रत्यक्ष मंजुरी मात्र संस्थेच्या संचालकाच्या अखत्यारीत असते. म्हणजे तज्ज्ञ क्रम लावतात. निवड प्रशासन करते.

अनेक संस्था दीर्घकाळ ‘पेलाइन’ नावाची सीमारेषा आखत असत. पर्सेंटाइल त्या रेषेच्या आत असेल तर अनुदान बहुधा मिळे, बाहेर असेल तर बहुधा नाही. खरा प्रश्न या रेषेपाशीच उपस्थित होतो. निकृष्ट प्रस्ताव आणि चांगला प्रस्ताव यांतील भेद जाणकार सहसा ओळखतात. परंतु दोन उत्तम प्रस्तावांतील भेद सरासरीच्या आकड्यातून तितक्याच विश्वासाने कळतो काय?

याविषयी उपलब्ध अभ्यासांचे निष्कर्ष वरकरणी परस्परविरोधी आहेत. डॅनियल ली व लीला आघा यांनी 2015 मध्ये 1,30,000 हून अधिक मंजूर अनुदानांचे विश्लेषण केले. चांगल्या गुणांकाच्या प्रकल्पांतून अधिक शोधनिबंध, अधिक उद्धरणे व अधिक पेटंट निघतात, असे त्यांना आढळले. फँग, बोवेन व कॅसाडेव्हल यांनी 2016 मध्ये त्याच माहितीतील 20 पर्सेंटाइलपर्यंतची अनुदाने पुन्हा तपासली, तेव्हा गुणांकावरून पुढील उत्पादकतेचे भाकीत करण्याची क्षमता फारच क्षीण दिसली. 2018 मध्ये एलिझाबेथ पायर व सहकाऱ्यांनी 43 समीक्षकांकडून 25 प्रस्तावांची समीक्षा करून घेतली. एकाच प्रस्तावाविषयी समीक्षकांत जवळजवळ एकमत नव्हते. हे सर्व प्रस्ताव आधीच, पहिल्या किंवा पुढील प्रयत्नात, अनुदान मिळालेले होते, ही मर्यादा येथे नोंदवली पाहिजे. पण तीच या निष्कर्षाची बाजू बळकट करते. गुणवत्तेच्या वरच्या पट्ट्यात मोजपट्टी बोथट होते; निधी आटला की रेषा नेमकी त्याच पट्ट्यात सरकते. 2025 मध्ये राष्ट्रीय कर्करोग संस्थेची पेलाइन 4 पर्सेंटाइलपर्यंत खाली आली. तिसरा आणि सहावा यांतील अंतर शास्त्रीय गुणवत्तेचे आहे, असे त्या समितीतील सदस्यही छातीठोकपणे सांगू शकणार नाहीत.

कातालिन कारिको यांचे नाकारले गेलेले प्रस्ताव आणि 2023 चे नोबेल पारितोषिक हे उदाहरण या चर्चेत वारंवार दिले जाते. एका उदाहरणावरून पद्धत दोषी ठरत नाही. त्याहून गंभीर पुरावा डोना जिंथर व सहकाऱ्यांच्या 2011 च्या अभ्यासात आहे. शिक्षण, पूर्वीची अनुदाने, प्रकाशने इत्यादी घटक जमेस धरूनही कृष्णवर्णीय अर्जदारांना अनुदान मिळण्याची शक्यता श्वेतवर्णीयांपेक्षा 10 टक्के-बिंदूंनी कमी आढळली. 2019 च्या पुढील अभ्यासानुसार या तफावतीचा 20 टक्क्यांहून अधिक भाग विषयाच्या निवडीशी निगडित होता. समुदायाच्या आरोग्यासारखे विषय तुलनेने कमी मंजूर होत होते. कोणता विषय ‘महत्त्वाचा’, हे समितीची घडणच काही अंशी ठरवते. जानेवारी 2025 पासून संशोधकाची पात्रता व संस्थेची साधने यांना स्वतंत्र गुण देणे बंद झाले. नामवंतांना मिळणारा आपसूक लाभ कमी करण्याचा हा प्रयत्न योग्य असला, तरी विषयांच्या उतरंडीला तो हात लावत नाही.

गुणांकावरील ही टीका मान्य केली की प्रशासनाला अधिक स्वेच्छाधिकार द्यावा, असा युक्तिवाद सहज पुढे येतो. तो फसवा आहे. ऑगस्ट 2025 च्या अध्यक्षीय आदेशाने संघराज्य शासनाच्या अनुदानांवर राजकीय नियुक्त अधिकाऱ्यांची तपासणी आणली व तज्ज्ञांच्या शिफारशी केवळ सल्लावजा असल्याचे बजावले. पाठोपाठ नोव्हेंबर 2025 मध्ये एनआयएचने पेलाइन मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले. त्यानुसार गुणांकाबरोबर संस्थेची प्राधान्ये, भौगोलिक वितरण, संशोधकाच्या कारकिर्दीचा टप्पा हेही विचारात घ्यायचे आहे. यांतील काही निकष निश्चितच समर्थनीय आहेत. परंतु पेलाइन कितीही ढोबळ असली तरी ती आधी जाहीर करता येत होती, आणि तिच्या आत असूनही वगळलेल्या अर्जदाराला निदान तसे विचारता येत होते. समीक्षेचे लेखी टिपण अर्जदाराला आजही मिळते. मात्र ते अंतिम निर्णयापूर्वीच तयार झालेले असते. चांगला गुणांक मिळूनही प्रस्ताव का डावलला गेला, याचे उत्तर त्यात असणे शक्यच नाही. दुसऱ्या स्तरावरील निवडीची कारणे त्याच टिपणाला जोडून देण्याचे बंधन संस्थांवर घातले, तर समितीचे गुण आणि संचालकाचा निर्णय यांतील अंतर निदान कागदावर तरी दिसू लागेल.