महाराष्ट्र विधान परिषद : रचनेचा व पुनर्रचनेचा प्रश्न

राज्यातील द्वितीय सभागृहाविषयीची चर्चा बहुधा दोन टोकांना होते. एक पक्ष विधान परिषद खर्चिक व निरुपयोगी म्हणून ती बरखास्त करावी असे म्हणतो. दुसरा तिला ज्येष्ठांचे सभागृह म्हणून गौरवितो. या वादात सभागृहात प्रवेश कोणाला आणि कोणाच्या मताने मिळतो, हा मूळ मुद्दा मागे पडतो. प्रस्तुत लेखात या प्रवेशद्वारांचाच विचार केला आहे.

परिषदेच्या ७८ सदस्यांपैकी ३० विधानसभा सदस्यांकडून, २२ स्थानिक प्राधिकारी संस्थांकडून, ७ पदवीधरांकडून व ७ शिक्षकांकडून निवडले जातात. १२ सदस्य राज्यपाल नामनिर्देशित करतात. म्हणजे सर्वसाधारण मतदाराने थेट निवडलेला एकही सदस्य येथे नसतो. सभागृहाचे अधिकारही मर्यादित आहेत. धन विधेयक ते १४ दिवसांपलीकडे रोखू शकत नाही. सामान्य विधेयक पहिल्या वेळी तीन महिने व दुसऱ्या वेळी एक महिना एवढेच लांबते. अशा सभागृहाचे वजन मतदानाच्या बळावर नव्हे, तर बोलणाऱ्याच्या अभ्यासावर ठरते. रोजगार हमी योजनेची कल्पना मांडणारे वि. स. पागे १९६० ते १९७८ या काळात परिषदेचे सभापती होते. अमरावती जिल्ह्यातील दारापूरचे रा. सू. गवई यांनी तीस वर्षे या सभागृहात काढली आणि १९७८ नंतर सभापतिपदही भूषविले. सभागृह निरुपयोगी म्हणणाऱ्यांना या नावांचा विसर पडलेला दिसतो.

संविधानाच्या अनुच्छेद १७१ मध्ये नामनिर्देशनासाठी साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ व समाजसेवा ही पाच क्षेत्रे सांगितली आहेत. ग. दि. माडगूळकर, ना. धों. महानोर यांच्यासारखे कवी याच वाटेने सभागृहात आले. पुढे मात्र पाचपैकी 'समाजसेवा' हा शब्द इतका ताणला गेला की त्यात कोणताही पक्षकार्यकर्ता सामावू लागला. नोव्हेंबर २०२० मध्ये तेव्हाच्या मंत्रिमंडळाने पाठविलेल्या १२ नावांत तीन पक्षांचा प्रत्येकी चार असा वाटा होता. राज्यपालांनी त्यावर निर्णयच घेतला नाही. निर्णय वाजवी मुदतीत घेणे हे कर्तव्य असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये नमूद केले, तरी यादी पडून राहिली आणि २०२२ मध्ये नव्या सरकारने ती मागे घेतली. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणूक जाहीर होण्याच्याच दिवशी, सात सदस्यांचा शपथविधी झाला. ही सात नावेही तेव्हाच्या तीन सत्ताधारी पक्षांत तीन, दोन, दोन अशी विभागलेली होती. चार वर्षांहून अधिक काळ सर्व बारा जागा रिक्त राहिल्या आणि त्यामुळे कोणाचे काही अडले, असे जाणवलेही नाही. या तरतुदीवर याहून कठोर टीका करण्याची गरज नाही.

पदवीधर मतदारसंघाचा प्रश्न महाविद्यालयीन शिक्षकांना अधिक जवळचा आणि म्हणून अधिक अवघड आहे. मोर्शीच्या महाविद्यालयातील प्राध्यापकाला, नोंदणी केलेली असल्यास, विधानसभेसाठी एक, पदवीधर म्हणून दुसरे आणि शिक्षक म्हणून तिसरे मत मिळते. त्याच तालुक्यातील संत्रा बागायतदार बिगरपदवीधर असेल तर त्याला एकच मत. माध्यमिक स्तराखालच्या शाळेत शिकविणारा शिक्षक तर शिक्षक मतदारसंघाबाहेरच राहतो. पदवी दुर्मीळ असताना या भेदाला काही अर्थ असेल. आज तो निव्वळ विशेषाधिकार उरला आहे. विसंगती अशी की, मतदार पदवीधर हवा, उमेदवार मात्र पदवीधर असलाच पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच स्पष्ट केले आहे. शिवाय प्रत्येक निवडणुकीपूर्वी मतदार यादी नव्याने तयार होते. अर्ज भरून घेण्याचे काम बव्हंशी उमेदवार व त्यांचे पक्ष करतात, त्यामुळे मतदारसंघ पदवीधरांचा न राहता नोंदणी करणाऱ्या यंत्रणेचा होतो.

यावर अमरावती विभागातून एक सबळ आक्षेप येईल. 'नुटा' या शिक्षक संघटनेचे बी. टी. देशमुख १९८० ते २०१० अशी तीस वर्षे याच मतदारसंघातून निवडून आले आणि विदर्भाच्या सिंचन अनुशेषाचा प्रश्न त्यांनी आकडेवारीनिशी सभागृहात लावून धरला. असा सदस्य विधानसभेच्या निवडणुकीतून आला असता का, हा आक्षेप पोकळ नाही. परंतु त्यांच्यामागे पदव्यांपेक्षा एका जागृत संघटनेचे बळ अधिक होते. २०१० पासून हा मतदारसंघ राजकीय पक्षांच्या उमेदवारांकडे आहे. पदवीधर तेच, किंबहुना संख्येने वाढलेले. फळ मात्र निराळे.

स्थानिक संस्थांच्या २२ जागांत वेगळीच उणीव आहे. जिल्हा परिषद व नगरपरिषद सदस्यांना येथे मत आहे, ग्रामपंचायत सदस्याला नाही. मोर्शीच्या नगरसेवकाला असलेला हक्क तालुक्यातील खेड्याच्या सरपंचाला नाही. शेजारच्या कर्नाटकात ग्रामपंचायत सदस्यही मतदान करतात. त्यात घोडेबाजाराचे भय आहेच. पण थोडक्या मतदारांच्या आजच्या यादीत ते कमी आहे, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

परिषद बरखास्त करणे हा सोपा दिसणारा मार्ग आंध्र प्रदेशाने चोखाळून पाहिला आहे. तेथे १९८५ मध्ये परिषद संपली, २००७ मध्ये पुन्हा आली, २०२० मध्ये पुन्हा बरखास्तीचा ठराव झाला आणि २०२१ मध्ये तोही मागे घेण्यात आला. सत्ताधाऱ्यांना परिषद आवडते की नावडते, हे त्या त्या वेळच्या बहुमतावर ठरते.

सुधारणेसाठी घटनादुरुस्तीची वाट पाहण्याचे कारण नाही, याकडे अभ्यासकांचे दुर्लक्ष झाले आहे. अनुच्छेद १७१ (२) नुसार आजची रचना संसद कायद्याने अन्यथा तरतूद करेपर्यंतच लागू आहे. पदवीधरांच्या ७ जागा स्थानिक संस्थांच्या वाट्यात मिळविणे संसदेच्या साध्या कायद्याने शक्य आहे. ग्रामपंचायतींचा समावेश तर लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या चौथ्या अनुसूचीतील दुरुस्तीने होऊ शकतो. नामनिर्देशनाबाबत प्रत्येक नावापुढे त्याचे क्षेत्र व कार्य लिहून ते प्रसिद्ध करण्यास राज्य मंत्रिमंडळाला कोणत्याही कायद्याची आवश्यकता नाही. पदवीधर जागांची मागणी सोडण्याचा ठराव मात्र विद्यापीठीय शिक्षक संघटनांकडून आला, तरच त्याला वजन येईल. कारण त्यात गमावण्यासारखे आहे ते त्यांचेच.