‘बाहेर’ मानणे आणि ‘बाहेर’ पडणे

एखाद्या देशाने राजकीय व व्यापारी संघातून बाहेर पडावे की पडू नये, यावरील वाद बहुधा अर्थकारणाच्या किंवा राज्यशास्त्राच्या परिभाषेत मांडला जातो. नफा-तोटा, सार्वभौमत्व, रोजगार, स्थलांतर ही त्याची परिचित प्रकरणे होत. परंतु असा वाद हा एका शब्दाच्या अर्थनिर्णयनाचाही वाद असतो, ही बाब सहसा दुर्लक्षित राहते. ‘बाहेर’ हा तो शब्द. ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडावे काय, यावर २३ जून २०१६ रोजी तेथे सार्वमत झाले. रायगडच्या किनारपट्टीवर त्याआधी सुमारे आठ वर्षे, २१ सप्टेंबर २००८ रोजी, पेण तालुक्यातील २२ गावांत शासनाने शेतकऱ्यांचा कौल घेतला. त्या कौलाच्या मुळाशीही हाच शब्द होता. दोन्ही घटनांच्या व्याप्तीची तुलना होऊ शकत नाही. मात्र या शब्दाचे जे झाले त्याची तुलना होऊ शकते, आणि ती उद्‌बोधक आहे.

उरण, पनवेल व पेण या तालुक्यांतील ४५ गावांच्या जमिनीवर रिलायन्स समूहाचे महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्र उभारण्याचा प्रस्ताव होता. अशा क्षेत्रांसाठी केंद्राने २००५ मध्ये केलेला कायदा फेब्रुवारी २००६ मध्ये अंमलात आला. त्याच्या ५३व्या कलमानुसार विशेष आर्थिक क्षेत्र हा, मंजूर व्यवहारांच्या प्रयोजनापुरता, भारताच्या सीमाशुल्क क्षेत्राबाहेरील प्रदेश असल्याचे मानले जाते. परिणामी देशाच्या उर्वरित भागातून तेथे गेलेला माल निर्यात ठरतो आणि तेथून देशात आलेल्या मालावर आयातीप्रमाणे शुल्क बसते. २००० सालच्या आयात-निर्यात धोरणात याच संकल्पनेसाठी ‘परकीय प्रदेश’ हे शब्द होते. कायद्याने तो ‘परकीय’ गाळला, ‘बाहेर’ ठेवला. एका व्यापारी संघातून एक तुकडा बाहेर काढण्याचीच ही क्रिया. फरक एवढाच की येथे संघ म्हणजे खुद्द देशाची बाजारपेठ, आणि तुकडा म्हणजे भातशेती, मिठागरे व खाड्या यांचा मुलूख.

कलमातील कळीचे क्रियापद ‘मानणे’ हे आहे. जे नाही ते आहे असे जाणीवपूर्वक मानणे, याला संस्कृत साहित्यशास्त्रात ‘आहार्य’ आरोप म्हटले आहे. मुखावर चंद्राचा आरोप करणाऱ्या कवीला मुख चंद्र नाही हे ठाऊक असते. म्हणून ते रूपक. उलट, मुखाला खरोखरच चंद्र समजून चकोर त्याकडे झेपावला, तर तो भ्रान्तिमान. रूपकात भ्रम नाही, म्हणून तदनुसार कृतीही नाही. भ्रान्तिमानात भ्रम आहे, म्हणून कृतीही आहे. विधिकल्पित ही या वर्गीकरणाला अडचणीत टाकणारी तिसरी गोष्ट होय. तिच्यात कोणालाही भ्रम झालेला नसतो. कायदा करणारा, राबविणारा आणि ज्याच्यावर तो राबविला जातो तो, अशा तिघांनाही पेणची जमीन भारतातच आहे हे पक्के ठाऊक असते. तरीही कृती घडते. क्षेत्राला ठरावीक प्रवेशद्वारे ठेवावी लागतात, त्या द्वारांशी सीमाशुल्काचा अधिकारी येतो, मालाची नोंद आयात किंवा निर्यात म्हणून होते. भ्रमाविना कृती घडविणारे हे रूपक आहे, आणि त्याचे सामर्थ्य व धोका दोन्ही येथेच आहेत.

अशा रूपकाला मर्यादा कोण घालतो, हा यापुढचा प्रश्न. ‘प्रयोजनापुरते’ ही मर्यादा ५३व्या कलमातच आहे. मात्र त्याच कायद्याच्या ४९व्या कलमाने इतर केंद्रीय कायदे या क्षेत्रांपुरते शिथिल करण्याचा वा बदलण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला, आणि ५१व्या कलमाने विसंगतीच्या प्रसंगी या कायद्याला इतरांवर वरचढ ठरविले. कामगार संघटना, औद्योगिक तंटे व कामगार कल्याण हे विषय ४९व्या कलमातून वगळले आहेत, हेही नमूद करावयास हवे. वगळावे लागले यातूनच हे दिसते की, शुल्कापुरते म्हणून योजलेले ‘बाहेर’ अन्यत्र पसरू शकते याची जाणीव खुद्द संहितेलाही होती.

रायगडमधील वाद या पार्श्वभूमीवर वाचला असता त्यात दोन वाचक परस्परांविरुद्ध उभे असल्याचे दिसते. समर्थकांचे म्हणणे, ‘बाहेर’ ही केवळ करसवलतीची लकब आहे. देश तोच, ध्वज तोच. विरोधकांचे म्हणणे, हा आपल्याच भूमीवर वसविलेला परदेश आहे. पहिला वाचक रूपकाला निव्वळ रूपक समजतो आणि त्यातून घडणारी कृती नजरेआड करतो. दुसरा त्या कृतीवर नेमके बोट ठेवतो, परंतु रूपकाची मर्यादा पुसून टाकतो. आणि त्यामुळे एक मोठी विसंगती त्याच्या घोषणेतून निसटते. ज्या जमिनीला देशाच्या बाजाराबाहेर ठेवावयाचे होते, ती घ्यावयाची होती मात्र देशातल्या सर्वांत मुरलेल्या कायद्याने. तो १८९४चा भूसंपादन कायदा आणि त्यातली ‘सार्वजनिक प्रयोजन’ ही संज्ञा. जमीन ‘बाहेर’ जाणार होती ती राज्यसंस्थेच्या ‘आत’ल्या अधिकाराच्या जोरावर. उरण तालुक्याला हा अधिकार अपरिचित नव्हता. नव्या मुंबईसाठीच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले, तेव्हा ‘परदेशा’चा संबंधही नव्हता. २००६ नंतर ‘परदेश’ हा शब्द एवढा झोंबला, तो कलम ५३ वाचून नव्हे. या स्मृतीला त्यात नाव सापडले म्हणून.

प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्या नेत्यांच्या पुढाकाराने विरोध वाढत गेला आणि शासनाने कौल घेतला, तो हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील गावांपुरता. ओलिताखाली येऊ शकणारी जमीन उद्योगाला द्यावी काय, हा तेथील युक्तिवादाचा कणा होता. प्रश्न अर्थातच जमीन देण्या-न देण्याचा होता, आणि म्हणून तो जमीनधारकाला उद्देशून होता. खाडीवर जगणारा कोळी, मिठागरावरचा मजूर, बांधावरचा कातकरी हे त्या वाक्याचे श्रोतेच नव्हते. कलम ५३मधील ‘बाहेर’ या शब्दाविषयी तर कोणालाच काही विचारले गेले नाही. पुढे कौलाचा अधिकृत निकाल शासनाने जाहीर केला नाही. संपादनाचा निवाडा दोन वर्षांत झाला पाहिजे, ही जुन्या कायद्यातील मुदत २००९ मध्ये उलटली आणि प्रक्रिया बारगळली. म्हणजे वाद संपविला तो मताने नव्हे, दिनदर्शिकेने. गावकऱ्यांच्या दृष्टीने कौल विरोधात गेला आणि जमीन वाचली. शासनाच्या दृष्टीने एक मुदत संपली. एकाच घटनेच्या या दोन वाचनांना जोडणारे वाक्य लिहिलेच गेले नाही.

ब्रिटनमध्ये याच्या नेमके उलट घडले. तेथे विचारले गेले ते ‘बाहेर’ याच शब्दाविषयी: युरोपीय संघाचे सदस्य राहावे की संघ सोडावा? निकालही तत्काळ जाहीर झाला, ५१.९ टक्के सोडण्याच्या बाजूने, ४८.१ टक्के राहण्याच्या. परंतु ‘सोडणे’ म्हणजे सीमाशुल्क संघही सोडणे काय, एकसंध बाजारपेठही सोडणे काय, याचे उत्तर प्रश्नात नव्हते. मतदाराने क्रियापद निवडले. त्याचे कर्म कोणते, हे नंतर ठरावयाचे होते. म्हणून प्रत्यक्ष बाहेर पडण्यास ३१ जानेवारी २०२० उजाडली. आणि गंमत अशी की, शब्दशः घेतलेल्या या ‘बाहेर’ला शेवटी कल्पिताचाच आधार घ्यावा लागला. उत्तर आयर्लंडविषयीच्या शिष्टाचारपत्राने तो प्रांत ब्रिटनच्या सीमाशुल्क क्षेत्रात असल्याचे म्हटले आणि त्याच वेळी तेथे युरोपीय संघाचे सीमाशुल्क नियम लागू केले. बेटावर कुंपण नको होते, म्हणून तपासणी समुद्रावर गेली. २०२३ च्या विंडसर आराखड्याने ती सौम्य केली. पण ‘आत असून बाहेर’ ही रचना कायम राहिली.

तात्पर्य, रायगडमध्ये कल्पित आधी आले आणि कौल नंतर. ब्रिटनमध्ये कौल आधी आणि कल्पित नंतर. दोन्हीकडे लोकांना विचारला गेलेला प्रश्न आणि त्यांच्यावर लागू होणारे वाक्य यांत अंतर राहिले. लोकांचा कौल चुकीचा होता की बरोबर, ही चर्चा त्यामुळे अपुरी ठरते. ‘बाहेर’ कशापुरते, कोणासाठी आणि कोणत्या दारापर्यंत, हे प्रश्नातच लिहिलेले नसेल, तर होकार किंवा नकार दोन्ही अर्धवट वाक्ये राहतात. ती पूर्ण करण्याचा अधिकार मग ज्याच्या हाती लेखणी आहे त्याच्याकडे जातो.

खारेपाटातल्या शेतकऱ्याला सीमा ही गोष्ट शिकवावी लागत नाही. खारे पाणी बाहेर राहावे म्हणून घातलेल्या बांधाला तो उघाडी ठेवतो, कारण आतले पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर जावयास हवे. ती केव्हा उघडायची आणि केव्हा मिटायची, यावर सगळ्यांचे पीक अवलंबून असते. म्हणून तो निर्णय बांधाच्या आतल्या सर्वांना ठाऊक असावा लागतो. कायद्याच्या भाषेत ‘बाहेर’ लिहिणाऱ्याकडून एवढीच अपेक्षा करणे अवाजवी म्हणता येणार नाही.