डेक्कन कॉलेजांतील विविध शास्त्रें व इनामगांवचा अहवाल

पिंपळगांव बसवंत येथें ‘संशोधन’ हा शब्द उच्चारला असतां ऐकणाराच्या मनांत जुना कागद येत नाहीं, कांदा येतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाची ‘बसवंत ७८०’ ही खरीप कांद्याची जात याच गांवच्या संशोधन केंद्रांत नाशिककडील स्थानिक बियाण्यांतून निवडून काढलेली आहे. ‘एन ५३’ ही दुसरी प्रसिद्ध जात निफाड ५३ या नांवानेंही ओळखली जाते. इतिहासाच्या त्रैमासिकांत कांद्याचें काय काम, असें आमचे वाचक विचारतील. काम इतकेंच कीं, बीं कोठलें, ही गोष्ट कृषिसंशोधकानें नांवांतच बांधून ठेविली आहे. आम्हां जुन्या कागदांच्या संग्राहकांस ही साधी शिस्त अद्यापि सर्वत्र साधलेली नाहीं. ती कां साधावी, हें दाखविण्यासाठीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत चाललेल्या निरनिराळ्या शास्त्रांच्या कार्याचें, व विशेषतः तेथून प्रसिद्ध झालेल्या इनामगांवच्या उत्खननाच्या अहवालाचें, थोडें परीक्षण करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या संस्थेचा पूर्ववृत्तांत वाचकांस ठाऊक आहे. १८२१ सालीं पुण्यांत निघालेल्या संस्कृत पाठशाळेपासून तिची परंपरा चालत आली. १९३४ सालीं कॉलेज बंद पडलें, आणि १९३९ च्या ऑगस्टांत केवळ पदव्युत्तर अध्ययन व संशोधन यांकरितां तें पुनः उघडलें. त्या वेळीं एका छपराखालीं जमलेली मंडळी पाहिली म्हणजे आजही कौतुक वाटतें. भाषाशास्त्रांत सुमित्र मंगेश कत्रे, प्राचीन इतिहास व पुरातत्त्वांत हसमुख धीरजलाल सांकलिया, समाजशास्त्र व मानवशास्त्रांत इरावती कर्वे, मराठ्यांच्या इतिहासांत त्र्यंबक शंकर शेजवलकर. त्याच सालीं रावबहादुर पारसनीस यांचा साताऱ्याचा ऐतिहासिक संग्रहही तेथें आला. पुढें पुणें विद्यापीठाच्या कक्षेंत राहून १९९० सालीं या संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

परंतु विषयांची यादी लांब झाली म्हणजे विद्यापीठ मोठें झालें, असें आम्ही मानीत नाहीं. एकाच आवारांत एकानें धातूंचीं रूपें मोजावीं, दुसऱ्यानें दगडी हत्यारें मोजावीं, तिसऱ्यानें माणसांच्या कवट्या मोजाव्या, आणि वर्षाच्या अखेरीस तिघांनीं आपापले निबंध स्वतंत्र छापावे, यांत वैविध्य आहे खरें. पण असें वैविध्य बाजाराच्या आवारांतही असतें. शास्त्रें अनेक असल्याचा उपयोग तीं एकाच वस्तूपाशीं येऊन भेटतील तेव्हांच होतो. अशी भेट या संस्थेंत आरंभींच घडली, हें तिचें भाग्य होय. गुजराथेंतील लांघणज येथें १९४० नंतरच्या दशकांत सांकलियांनीं खोदकाम केलें. तेथें मिळालेल्या मानवी अवशेषांचें परीक्षण इरावतीबाईंनीं केलें आणि दोघांनीं मिळून त्यांविषयीं लिहिलें. दगड एकाचा व हाड दुसऱ्याचें, अशी वांटणी त्यांनीं केली नाहीं.

१९५०-५१ सालीं या मंडळींनीं आमच्या नाशकास मातीच्या गढीवर व संगमनेराजवळ जोर्वें येथें खोदकाम केलें. सांकलिया व शां. भा. देव यांनीं लिहिलेला त्याचा अहवाल १९५५ सालीं निघाला. नाशिक हें पुराणांत व लेण्यांतील शिलालेखांत गाजलेलें नगर, आणि जोर्वें हें प्रवरेच्या कांठचें लहानसें गांव. तथापि तेथील तांबूस भांडीं व त्यांवरील काळीं चित्रें इतकीं निराळीं ठरलीं कीं, महाराष्ट्राच्या ताम्रपाषाणकालीन संस्कृतीस जोर्वें हेंच नांव पडलें. मोठ्या नगराचा मान लहान गांवास मिळाला, तो केवळ तेथील वस्तु त्याच गांवच्या म्हणून नीट नोंदल्या गेल्यामुळें. हींच खापरें एखाद्या हौशी संग्राहकाच्या कपाटांत ‘गोदातीरचीं जुनीं खापरें’ या चिठ्ठीखालीं पडून राहिलीं असतीं, तर जोर्वें संस्कृति हा शब्दच निघाला नसता.

आतां इनामगांवकडे वळूं. पुणें जिल्ह्यांत शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं हें गांव आहे. १९६८ पासून १९८३ पर्यंत ढवळीकर, सांकलिया व अन्सारी यांच्या देखरेखीखालीं तेथें खोदकाम झालें. नगर नाहीं, किल्ला नाहीं, राजा नाहीं, लेख नाहीं. आणि तरीही एका जागीं इतकीं वर्षें खोदीत राहण्याचें धैर्य या विद्वानांनीं दाखविलें. एखादा खोल खड्डा घेऊन थर मोजण्यावर समाधान न मानतां वस्ती विस्तारानें उघडली, म्हणून शंभरांवर घरांचा ठाव लागला. सुमारें ख्रिस्तपूर्व १६०० पासून ७०० पर्यंतच्या वस्तीचे तीन कालखंड ठरले : माळवा, पूर्व जोर्वे व उत्तर जोर्वे. घरांच्या जमिनीखालीं मुलांचीं दफनें सांपडलीं, तीं दोन कुंभ तोंडास तोंड लावून त्यांत केलेलीं. मोठ्या माणसांचे पाय घोट्याखालीं तोडून त्यांस पुरल्याचें आढळलें. चार पायांच्या एका मोठ्या रांजणांत बसविलेला एक पुरुष मात्र अखंड पायांचा निघाला. अनेक खोल्यांचें एक मोठें घर व त्याच्या शेजारीं धान्याचें कोठार, यांवरून ढवळीकरांनीं गांवास कोणी मुख्य असावा असें अनुमान केलें.

या अहवालाचा खरा गुण अनुमानांत नसून त्याखालच्या सामग्रींत आहे. जळून काळे पडलेले धान्याचे दाणे वनस्पतिशास्त्रज्ञानें पाहिले व सातू हें प्रमुख पीक ठरविलें. जनावरांचीं हाडें प्राणिशास्त्रज्ञानें पाहिलीं व पाळीव कोणतीं, शिकारीचीं कोणतीं हें वेगळें केलें. काळनिर्णयाचें काम पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेनें केलें. या सर्वांची साक्ष एकत्र करून ढवळीकरांनीं असें मांडिलें कीं, ख्रिस्तपूर्व १००० च्या सुमारास पाऊसमान बिघडलें, शेती खालावली, लोक शिकारीकडे व पशुपालनाकडे वळले, आणि ऐसपैस चौकोनी घरांच्या जागीं गरिबीच्या गोल झोंपड्या आल्या. एका खेड्याच्या उतरत्या काळाचा इतका सलग वृत्तांत, लिहिलेल्या एका अक्षराच्या आधारावांचून, आपल्या प्रांतांत पूर्वीं कोणीं दिला नव्हता.

गुण सांगितले, आतां दोष सांगणें प्राप्त आहे. मानवी अवशेषांचा दुसरा खंड, ल्यूकाक्स व वाळिंबे यांचा, १९८६ सालीं बाहेर पडला. आणि घरें, थर व वस्तु यांचें वर्णन करणारा पहिला खंड १९८८ सालीं आला. म्हणजे दोन वर्षें वाचकाच्या हातीं माणसें होतीं आणि त्यांचीं घरें नव्हतीं. छपाईच्या अडचणी आम्ही जाणतों. तथापि हा क्रम केवळ छपाईचा नाहीं. ज्या अहवालांत एका शास्त्राचा खंड दुसऱ्याची वाट न पाहतां निघूं शकतो, त्यांत तीं शास्त्रें शेजारी आहेत, एका पंक्तीस बसलेलीं नाहींत, अशी शंका येते. पाऊसमानाचें अनुमानही याच सांध्यावर सैल आहे. धान्य घटलें, हाडें बदललीं, घरें लहान झालीं, या तिन्ही गोष्टी मान्य केल्या तरी त्यांचें कारण पाऊसच, असें त्यांतून आपोआप निघत नाहीं. जमीन थकली असेल, व्यवहार तुटला असेल, अथवा गांवांतील मुख्याची सत्ता मोडली असेल. तिन्ही साक्षीदार खरें बोलत असतांही निकाल चुकूं शकतो, हें आमच्या वाचकांस जुन्या महजरांच्या वाचनावरून माहीत आहे.

आणि तसाच आक्षेप पुढें आला. ग्वेन रॉबिन्स शूग या अमेरिकन विदुषीनें नेवासें, दायमाबाद व इनामगांव येथील बालकांचीं हाडें पुनः तपासून २०११ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. उत्तर काळांतील मुलांच्या वाढीवर ताण पडला होता, हें त्यांसही दिसलें. परंतु हवामान एकाएकीं रुक्ष झालें म्हणून गांवें उठलीं, या सरळ कारणपरंपरेस त्यांनीं हरकत घेतली. या वादांत कोणाचा पक्ष बलवत्तर, याचा निर्णय आम्ही देत नाहीं. तो त्या शास्त्रांतील जाणत्यांनीं द्यावा. आमचें लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे आहे. खोदकाम थांबून पाव शतक उलटल्यावर, तें ज्यांनीं केलें त्यांच्या मताविरुद्ध लिहिणाऱ्या परक्या देशच्या विदुषीस तें मूळ हाड हातीं घेतां आलें, आणि तें कोणत्या कालखंडांतील, कोणत्या दफनांतील, हें सांगतां आलें. आपलें मत खोडून काढण्याचें साधन आपणच जपून ठेवणें, यापरतें संशोधकाच्या सचोटीचें प्रमाण नाहीं. या एका गोष्टीसाठीं आम्ही इनामगांवच्या अहवालास त्याच्या सर्व दोषांसह श्रेष्ठ मानतों.

हाच नियम त्या आवारांतील इतर शास्त्रांतही पाळलेला दिसतो. १९४८ सालीं कत्रे यांनीं योजिलेल्या संस्कृत कोशाकरितां सुमारें दीड हजार ग्रंथांतून शब्द वेंचून चिठ्ठ्या केल्या, त्यांची संख्या कोटीच्या घरांत गेली आहे. छापील कोश १९७६ पासून भागाभागानें निघत आहे. त्या चिठ्ठीवर शब्दाबरोबर ग्रंथ व स्थळ लिहिलेलें नसेल, तर ती चुलींत घालण्याच्या योग्यतेची. खापरास थर, हाडास घर, शब्दास स्थळ, बियाण्यास गांव : शास्त्रें निराळीं, कायदा एकच.

एक दोष मात्र सर्व विभागांस समान आहे. हे अहवाल इंग्रजींत आहेत. शेजवलकरांनीं १९४६ सालीं पानिपतावर इंग्रजी ग्रंथ लिहिला, तेव्हां तोच विषय मराठींत आणल्यावांचून त्यांस राहवलें नाहीं, व १९६१ सालीं मराठी ग्रंथ आला. ढवळीकरांचा ‘महाराष्ट्राची कुळकथा’ हा ग्रंथही स्वागतार्ह आहे. परंतु कथेनें अहवालाचें काम भागत नाहीं. ज्या गांवची जमीन खोदली, त्या गांवच्या शाळामास्तरास कोणत्या खड्ड्यांत काय निघालें तें मराठींत वाचतां येत नसेल, तर पुढल्या नांगरटींत निघालेलें खापर तो कोणास दाखविणार? प्रत्येक अहवालास पन्नास पानांचा मराठी सारांश, नकाशा व वस्तूंची यादी यांसह जोडणें विद्यापीठांस कठीण नाहीं.

विद्यापीठांस इतकें सुनावल्यावर आपल्या घराकडे पाहणें आलें. कांहीं वर्षांपूर्वीं या भागांतील एका पडक्या वाड्यांतून कुलकर्णी दप्तराचा एक रुमाल निघाला. तो आम्हांस दिसला तेव्हां सुटलेला होता. शिक्क्याचीं चार पत्रें एका संग्राहकानें वेंचून नेलीं होतीं. तीं त्यानें कांच लावून जतन केलीं आहेत, आणि त्याच्या प्रेमाविषयीं आम्हांस संशय नाहीं. बाकीचे ताळेबंद व लावणीपत्रकें रद्दीच्या भावानें गेलीं. आज शेताचा इतिहास लिहिणारा कोणी आम्हांस विचारतो कीं, या शिवारांत बाजरी किती, गहूं किती, कोणत्या सालीं पाऊस गेला. तेव्हां त्या चार पत्रांपाशीं उत्तर नाहीं. उत्तर होतें तें रद्दींत गेलें. आणि तीं चार पत्रेंही आतां कोणत्या वाड्यांतील, कोणत्या कागदाच्या खालचीं, हें सांगणारा कोणी उरला नाहीं. इनामगांवीं जळका दाणा जपून ठेविला. आम्हीं लिहिलेला हिशेब विकला.

यास्तव आमच्या संग्राहकबंधूंस विनंति आहे कीं, रुमाल सोडण्यापूर्वीं तो कोणत्या गांवीं, कोणाच्या घरीं, कोणत्या स्थितींत मिळाला हें लिहून ठेवावें. कागदांस जसे निघाले त्याच क्रमानें आंकडे घालावे. मोठ्या नांवाचें पत्र उचलून रुमाल मोडूं नये. आणि ज्यांत आपणांस रस नाहीं असा हिशेबाचा बंद दुसऱ्या कोणत्या तरी शास्त्राचा मुख्य पुरावा आहे असें समजून तो जपावा. कागदाचा लगदा, शाईचा कस, पानांत अडकलेला धान्याचा कण, हींसुद्धां उद्यां कोणी विचारील. तें विचारणारें शास्त्र आज विद्यापीठांत असेल वा नसेल. त्याच्यासाठीं वस्तु शिल्लक ठेवणें आपल्या हातीं आहे. पिंपळगांवच्या कांद्यानें आपलें गांव नांवांत राखलें. येथील कागदांनींही तें राखावें, इतकेंच आमचें मागणें आहे.