'प्रभावी' या शब्दाचे इंग्रजी : सामर्थ्य आणि मनवळवणी दर्शविणाऱ्या विशेषणांची निवड

बडोद्याच्या नागरवाड्यातून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याच्या कानावर मराठी, गुजराती आणि उर्दू या तिन्ही भाषा पडतात. इंग्रजी मात्र तो बहुधा वर्गातच ऐकतो. अशा विद्यार्थ्यास वादविवाद स्पर्धेचा वृत्तान्त इंग्रजीत लिहावयास सांगितल्यास भाषण 'पॉवरफुल', मुद्दा 'पॉवरफुल' आणि वक्ताही 'पॉवरफुल' असे लिहून तो मोकळा होतो. यात दोष त्याचा एकट्याचा नाही. मराठीतील 'प्रभावी' हे विशेषण औषधाला चालते, वक्त्याला चालते आणि कायद्याच्या अंमलबजावणीलाही चालते. घरातील भाषेची ही सोय इंग्रजीत उपलब्ध नाही, हे त्यास कोणी सांगितलेले नसते.

इंग्रजीत हे काम अनेक शब्दांत वाटून दिलेले आहे. उपायाचा परिणाम दिसून आला तर तो 'इफेक्टिव्ह'. ज्याच्या शब्दाला गावात वजन आहे तो 'इन्फ्लुएन्शियल'. त्याने तोंड उघडले नाही तरी चालते. 'इम्प्रेसिव्ह' भाषण मनावर ठसा उमटवते, परंतु पटेलच असे नाही. 'कोजंट' युक्तिवादात तर्काची साखळी तुटत नाही. 'कन्व्हिन्सिंग' म्हणजे ऐकणाऱ्याची खात्री पटविणारे. म्हणूनच एखादी थापही 'कन्व्हिन्सिंग' असू शकते, 'कोजंट' मात्र असू शकत नाही. 'कम्पेलिंग' पुराव्यापुढे मान्य करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. 'फोर्सफुल' आणि 'फोर्सिबल' यांची गल्लत तर नेहमीची आहे. आजच्या इंग्रजीत पहिला शब्द जोराचा, तर दुसरा बहुधा बळजबरीचा. कोणाच्या घरात बळाने घुसणे 'फोर्सिबल' ठरते.

व्युत्पत्तीकडे पाहिल्यास हा भेद अधिक स्पष्ट होतो. 'कोजंट' ज्या लॅटिन क्रियापदावरून आला त्याचा अर्थ एकत्र हाकणे, भाग पाडणे असा आहे. 'कन्व्हिन्स'च्या मुळाशी जिंकणे आहे. 'पर्स्वेड'च्या मुळाशी मात्र सल्ला देणे, गळ घालणे हा अर्थ असून भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते संस्कृत 'स्वादु' या शब्दाशी जोडतात. मन वळविणे म्हणजे गोडीने पटविणे, ही कल्पना मराठी माणसाला परकी वाटू नये. सामर्थ्य आणि मनवळवणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे या मुळांवरूनही ध्यानात येते. विशेषण निवडताना विचारावयाचा प्रश्न असा : बळ बोलणाऱ्याच्या ठायी आहे, मुद्द्यात आहे, की ऐकणाऱ्याच्या मनावर झालेल्या परिणामात?

अर्थात सर्वच निवड अर्थावर चालत नाही. काही ठिकाणी केवळ रूढी असते. हॅलिडे यांनी 1966 मध्ये दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. इंग्रजीत चहा 'स्ट्राँग' असतो, मोटार 'पॉवरफुल' असते. अदलाबदल केल्यास इंग्रज माणसाला ती खटकते. असे जोडशब्द पाठच करावे लागतात.

उर्दू घरातील विद्यार्थ्याकडे या बाबतीत एक भांडवल असते, त्याचा उपयोग वर्गात क्वचितच केला जातो. उर्दूत 'मुदल्लल' म्हणजे दलील असलेले, पुराव्यानिशी मांडलेले. 'पुरअसर' म्हणजे परिणाम साधणारे. आणि 'जोरदार' म्हणजे जोराचे. तकरीर पुरअसर असूनही मुदल्लल नसेल, हे त्यास समजावून द्यावे लागत नाही. 'कोजंट' आणि 'इफेक्टिव्ह' यांतील अंतर त्याला घरातच मिळालेले आहे. 'जोरदार' आणि 'असरदार' हे शब्द मराठीनेही फारसीच्या वाटेनेच घेतले, परंतु 'मुदल्लल' मराठीत रुळला नाही, ही उणीवच म्हणावयास हवी.

या विषयाचा एक धडा बडोद्याच्याच इतिहासात आहे. अरविंद घोष 1893 मध्ये केंब्रिजहून परतून बडोदा संस्थानच्या नोकरीत आले व पुढे बडोदा कॉलेजात इंग्रजी शिकवू लागले. मुंबईच्या 'इंदुप्रकाश' या मराठी-इंग्रजी पत्राच्या इंग्रजी विभागाचे काम त्यांचे केंब्रिजचे स्नेही के. जी. देशपांडे पाहत. ऑगस्ट 1893 पासून त्यात अरविंदांची 'न्यू लॅम्प्स फॉर ओल्ड' ही लेखमाला निनावी प्रसिद्ध होऊ लागली. काँग्रेसच्या धोरणावरील ही टीका इतकी प्रखर होती की न्यायमूर्ती रानडे यांनी पत्राच्या मालकांना राजद्रोहाच्या खटल्याचा इशारा दिला. पुढील लेखांचा सूर सौम्य करावा लागला, त्यात लेखकाचाही रस उरला नाही आणि मार्च 1894 मध्ये माला थांबली. सामर्थ्य या लेखांत भरपूर होते. ज्यांचे मन वळवावयाचे त्यांनाच ते बोचले, म्हणून त्यांना 'ट्रेन्चंट' म्हणणे योग्य, 'पर्स्वेसिव्ह' म्हणणे कठीण.

हाच लेखक महाराज सयाजीरावांसाठी भाषणेही लिहीत असे. अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनातील 1902 चे भाषण आज त्याच्या लेखनसंग्रहात समाविष्ट आहे. अरविंदांना बंगाली शिकविण्यासाठी बडोद्यात राहिलेले दिनेंद्रकुमार रॉय एक प्रसंग सांगतात. मसुदा ऐकून महाराजांनी तो जरा सौम्य करता येईल का, असे विचारले. एका महाराजाच्या तोंडी इतकी सुरेख भाषा शोभणार नाही, ही त्यांची शंका. त्यावर अरविंदांनी सांगितले की भाषा उतरविली तरी लोक महाराज दुसऱ्याकडून भाषणे लिहवून घेतात असेच म्हणणार. विचार महाराजांचे आहेत की नाही एवढेच महत्त्वाचे. या उत्तरातील हजरजबाबीपणा मान्य केला तरी शंका महाराजांचीच अधिक शहाणपणाची वाटते. बोलणाऱ्याला न शोभणारी भाषा श्रोत्याला थक्क करील, त्याचा विश्वास मिळवीलच असे नाही.

आर. एन. पाटकर या विद्यार्थ्याने आपली शैली मेकॉलेच्या धर्तीवर घडवावी का, असे अरविंदांना विचारले होते. मेकॉले अवश्य वाचावा, परंतु कोणाचे गुलाम होऊ नये, अनुकरणातून केवळ फिका प्रतिध्वनी निघतो, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता.

या दृष्टीने पाहता वर्गात वाटल्या जाणाऱ्या 'प्रभावी विशेषणांच्या' याद्या फारशा उपयोगाच्या नाहीत. रॉजेट यांचा 1852 मधील थिसॉरसदेखील जवळचे शब्द एकत्र आणतो, त्यांतील भेद सांगत नाही. तो भेद ज्याला आधीच ठाऊक आहे त्याच्यासाठीच ते पुस्तक आहे. यादी हाती आलेला विद्यार्थी नोकरीच्या अर्जात स्वतःलाच 'कम्पेलिंग' म्हणवून घेतो. अध्यापकांची शिफारसपत्रेही या दोषापासून मुक्त नाहीत. 'पॉवरफुल स्पीकर' असे लिहून मोकळे होण्यापेक्षा त्या विद्यार्थिनीने कोणत्या सभेत, कोणता मुद्दा मांडून, विरुद्ध मताच्या किती जणांना आपल्या बाजूस आणले हे दोन वाक्यांत लिहिले, तर वाचणारा योग्य ते विशेषण स्वतःच लावील. लावावयाचेच झाले, तर त्या दोन वाक्यांनंतर 'पर्स्वेसिव्ह' हा एक शब्द पुरेसा होतो.